मागून ठोकलं, मान धरली, आता सही करू की थांबू?

प्रश्न : ताई, सिग्नलला गाडी थांबलेली होती आणि मागच्याने येऊन ठोकलं. तेव्हा काहीच वाटलं नाही, बंपरचे फोटो काढले, एकमेकांचे नंबर घेतले आणि निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मान अशी धरली की उशीवरून डोकं उचलेना. एक्स-रे नॉर्मल आला. आता समोरच्याच्या विमा कंपनीतून सारखे फोन येतायत, गाडीचा खर्च देतो, वर थोडे पैसे उपचाराला देतो, कागदावर सही करून पाठवा म्हणतात. बायको म्हणते घेऊन टाका, कटकट मिटेल. काय करू? (नाव छापू नका.)

उत्तर : नाव नाही छापलं. आणि तुम्हीही सही नका करू, निदान अजून तरी नका. वहिनींना सांगा की कटकट मिटते ती कंपनीची, तुमची मान तशीच राहते.

तो कागद आधी नीट वाचा. वरती 'वाहन दुरुस्ती' असं साधंसं काहीतरी लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात 'या अपघातातून उद्भवलेले व पुढे उद्भवणारे सर्व दावे पूर्ण व अंतिम' अशी ओळ असते. त्या 'पुढे उद्भवणारे'मध्ये तुमची फिजिओथेरपी, एमआरआय, बुडालेला पगार सगळं गेलं. एकदा सही झाली की बहुतेक ठिकाणी ते प्रकरण परत उघडत नाही, मग महिन्याभराने हात बधिर व्हायला लागला तरी. गाडीचा क्लेम आणि दुखापतीचा क्लेम वेगळे ठेवता येतात, तसं लेखी मागा, 'फक्त वाहनाच्या नुकसानीपुरतं' असं कागदावर आलं तर गाडीचे पैसे खुशाल घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर ३१ मे २०२१ पासून वैद्यकीय रिपोर्ट नसताना अशा व्हिपलॅशच्या (म्हणजे धक्क्याने मान ताणली जाऊन झालेल्या दुखापतीच्या) क्लेमची तडजोड करायलाच बंदी आहे, म्हणजे घाईघाईने सह्या घेण्याचा प्रकार किती चालत असेल बघा.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून खचू नका. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, स्नायू आणि लिगामेंट दिसत नाहीत. मागून धक्का बसला की सीट तुमच्या पाठीला पुढे ढकलते आणि साडेचार-पाच किलोचं डोकं क्षणभर आहे तिथेच राहतं, मधल्या मध्ये मान ताणली जाते. आणि दुखणं बऱ्याचदा त्या दिवशी कळतच नाही, दुसऱ्या दिवशी डोकं वर काढतं. तेव्हा जागेवर तुम्ही 'मी ठीक आहे' म्हणालात त्याने क्लेम बुडत नाही, फक्त आता उशीर न करता डॉक्टरकडे जाऊन ते कागदावर आणा.

आणि केसपेपरवर काय लिहिलं जातंय ते बघा हो! 'मान दुखते, गोळ्या दिल्या' एवढंच असेल तर क्लेमवाल्याला ते वाचायला दोन सेकंद लागतात. व्हिपलॅशची १९९५ पासून चालत आलेली एक वर्गवारी आहे, ० ते ४ अशी. नुसतं दुखणं आणि आखडणं म्हणजे १, डॉक्टरला तपासताना मान कमी वळलेली किंवा दाबल्यावर दुखणारी जागा सापडली तर २, मुंग्या, बधिरपणा, हातातली ताकद कमी अशी नसांची लक्षणं सापडली तर ३, आणि फ्रॅक्चर किंवा मणका सरकला असेल तर ४. डॉक्टरला शिकवायला जाऊ नका (चिडतात, आणि बरोबरच आहे), पण मान कुठल्या बाजूला किती वळते, हाताला मुंग्या येतात का, झोप लागते का हे सगळं आपणहून सांगा आणि अपघाताची तारीख आणि 'मागून धडक' हे शब्द लिहून घ्या. हात-पाय बधिर होत असतील, ताकद जात असेल, लघवीवर ताबा राहत नसेल तर क्लेम-बिम गेला खड्ड्यात, आधी इमर्जन्सीत जा.

घरी एक वही करा. 'आज खूप दुखलं' असं रोज लिहून उपयोग नाही, 'गाडी रिव्हर्स घेताना मागे वळून बघता आलं नाही, पोराला उचलता आलं नाही, कॉम्प्युटरसमोर अर्ध्या तासात उठावं लागलं' असं लिहा. बरं वाटलं त्या दिवशी बरं वाटलं असंच लिहा, सगळेच दिवस वाईट असले की वाचणाऱ्याला शंका येते. औषधांची बिलं, फिजिओच्या पावत्या, जायच्या यायच्या भाड्याच्या पावत्या एका फाइलमध्ये. ऑफिसकडून पगार आणि रजेचं पत्र घ्या, भरपगारी रजा गेली असली तरी तीही त्यात येऊ दे. स्वतःचा धंदा असेल तर टॅक्स रिटर्न आणि रद्द झालेल्या ऑर्डरचे मेसेज.

फिजिओच्या अपॉइंटमेंट मधेच सोडू नका. तीन आठवडे गेलाच नाहीत तर समोरचा सरळ म्हणतो की तीन आठवडे बरं होतं. परवडत नसेल, वेळ मिळत नसेल तर तसं डॉक्टरला सांगून कागदावर येऊ दे.

फोनचं म्हणाल तर अपघात कधी, कुठे, कसा एवढं सांगा आणि तब्येतीबद्दल 'तपासणी चालू आहे, रिपोर्ट आले की लेखी कळवतो'. कॉल रेकॉर्ड होत असतो आणि 'कसे आहात आता?' वर आपण सवयीने 'बरा आहे' म्हणतो ना, ते फाइलमध्ये तसंच्या तसं जातं. तुमच्या स्वतःच्या विमा कंपनीलाही कळवून ठेवा, चूक समोरच्याची असली तरी.

आता थांबायचं किती? बऱ्याच जणांची मान दोन-तीन महिन्यांत ताळ्यावर येते, काहींची रेंगाळते. पूर्ण बरे व्हाल किंवा डॉक्टर म्हणतील आता याच्यापुढे फारसा फरक नाही, तेव्हा आकड्याचं बोला. फक्त कायद्याची मुदत विसरू नका, ती जागोजागी वेगळी असते, इंग्लंडमध्ये कोर्टात जायला साधारण तीन वर्षं, भारतात मोटार अपघात ट्रिब्युनलकडे अर्ज करायला १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहाच महिने. तिथल्या वकिलाला एकदा तरी विचारा, मुंग्या किंवा ऑपरेशनचा विषय असेल तर नक्कीच.

प्रश्न : माझ्या मणक्यात झीज आधीपासून आहे, जुना एमआरआय आहे. तो लपवू का? आता क्लेमवाले म्हणतात हे दुखणं जुनंच.

उत्तर : अजिबात लपवू नका, सापडतोच, आणि सापडला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. चाळिशीनंतर काडीचं दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही झीज दिसते, त्यामुळे झीज दिसली म्हणजे दुखणं तिचंच असं होत नाही. उलट जुने कागद तुमच्या कामाचे आहेत. अपघाताआधी शेवटचं डॉक्टरकडे कधी गेला होता, गोळ्या चालू होत्या का, काम करत होता का, हे त्यातून दिसतं. अनेक देशांच्या कोर्टांनी हे मान्य केलंय की धडक देणाऱ्याला समोरचा माणूस जसा आहे तसा स्वीकारावा लागतो. डॉक्टरकडून 'आधी असं होतं, अपघातानंतर असं झालं' एवढा फरक लिहून घ्या, म्हणजे झालं.

प्रश्न : मला मागून ठोकलं आणि मी पुढच्या गाडीवर आदळले. पुढचा म्हणतो चूक माझी, मागचा म्हणतो मी आधीच आदळले होते.

उत्तर : साधारणपणे मागच्याने अंतर ठेवायचं असतं, म्हणून ओझं आधी त्याच्यावर येतं, पण ते दर वेळी टिकतंच असं नाही. इथे सगळा खेळ धक्क्यांच्या क्रमाचा आहे. पुढच्या गाडीतल्या लोकांना एक धक्का बसला की दोन? दोन असतील तर तुम्ही आधी आदळलात आणि मग ढकलली गेलात असं निघू शकतं, एकच असेल तर तुमची बाजू भक्कम होते. तुम्ही पूर्ण थांबला होता का, ब्रेकलाइट चालू होते का, हे आजच लिहून काढा. दुरुस्तीच्या आधी पुढचं-मागचं दोन्ही नुकसान जवळून आणि लांबून फोटोत घ्या. शेजारच्या दुकानाच्या किंवा बिल्डिंगच्या सीसीटीव्हीचं आजच विचारा, जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं, तुमच्या डॅशकॅमचं पण.

प्रश्न : क्लेमवाल्यांचा डॉक्टर तपासायला बोलावतोय. गळ्यात कॉलर घालून जाऊ का?

उत्तर : तुमच्या डॉक्टरने दिलीये का? नसेल तर नको. एकतर कॉलर फार दिवस घातली की मान आणखी आखडते, म्हणून हल्ली बहुतेक डॉक्टर लवकर हलवायलाच सांगतात, आणि दुसरं, तुम्ही पार्किंगमध्ये उतरून कॉलर चढवताना कोणी बघितलं तर? जशा आहात तशा जा, जुने रिपोर्ट न्या, जमलं तर घरचं कोणी बरोबर, आणि बाहेर आल्यावर तपासणी किती वेळ चालली, काय काय विचारलं ते वहीत टाका. आणि हो, त्या आठवड्यात भाच्याच्या लग्नात नाचतानाचा व्हिडिओ टाकू नका.