भाषाशास्त्रज्ञाचे वैद्यकीय महाविद्यालयात काय काम?

गेल्या अंकात मी माझ्या नोकरीचा प्रवास थोडक्यात सांगितला होता. शिक्षण भाषाविज्ञानाचे, त्यानंतरची बरीच वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन, आणि आता विद्यापीठाच्या अध्यापन-गुणवत्ता विभागात काम, असा तो प्रवास आहे. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी भाषाविज्ञानात पीएच.डी. करीत असून संभाषणातील प्रश्नरचना हा माझा विषय आहे. एका वैद्यकीय महाविद्यालयात ‘संवादकौशल्य’ शिकवण्यासाठी जागा निघाली आहे. माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, तिकडे गेले की भाषाविज्ञान सुटते. हे खरे आहे का?

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकांची भीती निराधार नाही. अशा जागेवर नेमलेल्या व्यक्तीने रुग्णाला अभिवादन कसे करावे, नजरेला नजर कशी द्यावी आणि आवाज कसा ठेवावा एवढेच शिकवावे, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. दोन-तीन वर्षे तेच करीत राहिलात तर तुम्ही शिष्टाचाराचे शिक्षक व्हाल. ते टाळायचे असेल तर पहिल्याच सत्रात, रीतसर परवानगी घेऊन, ध्वनिमुद्रण सुरू करा. सल्ला कोरडा आहे खरा, परंतु या क्षेत्रातील मोलाचे काम कोणीतरी यंत्र चालू ठेवून, नंतर चिकाटीने बसून, उच्चारलेला प्रत्येक शब्द, प्रत्येक अडखळणे आणि प्रत्येक विराम कागदावर उतरवून काढल्यामुळेच उभे राहिले आहे. एका मिनिटाचे बोलणे बारकाईने उतरवायला तासभर सहज जातो, हेही आताच सांगून ठेवते.

हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी 1974 मध्ये बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते याची मांडणी केली. त्यानंतर दहा वर्षांनी, 1984 मध्ये, हॉवर्ड बेकमन हे डॉक्टर आणि रिचर्ड फ्रँकेल हे समाजशास्त्रज्ञ यांनी 74 रुग्णभेटींच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिले की, आपल्याला काय होते आहे हे सांगण्याचे पहिले निवेदन फक्त 17 भेटींत रुग्णाला पूर्ण करता आले आणि डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत मध्ये बोलले. हा आकडा पुढे इतका गाजला की त्यामागची पद्धत लोक विसरले. माझ्या मते महत्त्वाची आहे ती पद्धत. ‘तुम्ही रुग्णाचे ऐकून घेता का?’ असे त्या डॉक्टरांना विचारले असते तर बहुतेकांनी प्रामाणिकपणे होकारच दिला असता.

तुमचा विषय प्रश्नरचनेचा आहे, म्हणून आणखी एक अभ्यास सांगते. जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये 20 डॉक्टरांच्या 224 रुग्णांवर एक साधा प्रयोग केला. भेटीच्या आरंभी डॉक्टरांनी ‘आणखी काही बोलायचे आहे का?’ असे विचारायचे होते. इंग्रजीत हा प्रश्न दोन तऱ्हांनी विचारता येतो : ‘समथिंग’ हा शब्द वापरून, किंवा ‘एनीथिंग’ हा शब्द वापरून. पहिला शब्द होकाराकडे झुकतो, दुसरा नकाराकडे. पहिल्या शब्दाने विचारले तेव्हा रुग्णांच्या न बोललेल्या राहून जाणाऱ्या तक्रारींपैकी 78 टक्के दूर झाल्या. दुसऱ्या शब्दाने विचारले तेव्हा न विचारल्यासारखाच परिणाम झाला. आता आपल्या भाषेकडे वळा. ‘आणखी काही नाही ना?’ आणि ‘आणखी काय सांगायचे राहिले आहे?’ या दोन वाक्यांपैकी कोणते वाक्य दाराच्या मुठीवर हात ठेवून बोलले जाते, हे मराठी कानाला समजावून सांगावे लागत नाही. पहिल्यातल्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच भरलेले आहे. मराठी संभाषणात याचा नेमका काय परिणाम होतो, हा ध्वनिमुद्रणे घेऊन तपासण्याजोगा विषय तुमच्या हातात आहे. तिकडे जाऊन तुम्ही भाषाविज्ञान सोडणार की तेथेच ते करणार, हे यावर ठरेल.

प्रश्न : मी अनेक वर्षे मेडिसिन विषय शिकवतो. सहानुभूती अंगात असावी लागते. वाक्ये पाठ करून ती येत नाही. जे आम्ही रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकलो, ते भाषेचा अभ्यासक काय शिकवणार?

उत्तर : वाक्ये पाठ करून ती येत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना परीक्षेची आपली पद्धतच पाठ केलेल्या वाक्यांना उत्तेजन देते, अशी माझी तक्रार आहे. हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 मध्ये प्रशिक्षण दिलेल्या निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका करायला लावून शिकवण्यास आरंभ केला. 1975 मध्ये रोनाल्ड हार्डेन आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधील डंडी येथील ‘ऑस्की’ या परीक्षेची माहिती प्रसिद्ध केली. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जात, ठरावीक मिनिटांत एकेक काम करून दाखवण्याची ही परीक्षा आता जगभर चालते. विद्यार्थी काय जाणतो यापेक्षा तो काय करून दाखवतो हे पाहावे, ही त्यामागची दृष्टी योग्यच होती. जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये ‘जाणतो, कसे करावे ते जाणतो, करून दाखवतो, करतो’ अशा चार पायऱ्या मांडल्या, त्यांपैकी तिसऱ्या पायरीवर ही परीक्षा बसते. परंतु तपासनिसाच्या हातातील यादीत ‘सहानुभूती व्यक्त केली’ असा रकाना आला की विद्यार्थी तो रकाना भरून देतात.

अशाच एका सराव परीक्षेचा उतारा माझ्या टिपणवहीत आहे. विद्यार्थी विचारतो, “घरी कोण कोण असतं?” रुग्णाची भूमिका करणारी बाई म्हणते, “मी एकटीच. मिस्टर गेले ना, मागच्या महिन्यात.” विद्यार्थी म्हणतो, “बरं. झोप लागते का?” पुढे बऱ्याच वेळाने, निघण्यापूर्वी, तोच विद्यार्थी म्हणतो, “तुम्हाला काय वाटत असेल ते मी समजू शकतो.” तपासनिसाने रकान्यात खूण केली. मुलगा मुळीच निर्दय नव्हता. ते ‘बरं’ कागदावर लिहिलेले दाखवले तेव्हा तो कितीतरी वेळ गप्प बसला.

हे ‘बरं’ आले कोठून? इलियट मिशलर यांनी 1984 मध्ये डॉक्टरांच्या बोलण्यातील तीन ठोक्यांची एक चाल दाखवली आहे : डॉक्टरांचा प्रश्न, रुग्णाचे उत्तर, आणि त्या उत्तराची पोच देऊन किंवा तीही न देता डॉक्टरांचा पुढचा प्रश्न. त्याच्या नऊ वर्षे आधी, 1975 मध्ये, जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कुल्थर्ड या भाषाशास्त्रज्ञांनी वर्गातील बोलण्याचीही तीन ठोक्यांचीच चाल वर्णिली होती : शिक्षकाचा प्रश्न, विद्यार्थ्याचे उत्तर, शिक्षकाचा शेरा. आता वॉर्डातील राउंड आठवा. “पायाला सूज का आली?” “सर, हार्ट फेल्युअर.” “बरोबर. आणखी कारणं?” ज्याने वर्षानुवर्षे हा ‘बरोबर’ ऐकला, त्याच्या तोंडून रुग्णासमोर ‘बरं’ निघाले तर त्यात मला नवल वाटत नाही. हा माझा अंदाज आहे. परंतु तुम्ही खाटेशी उभे राहून जे शिकलात आणि शिकवता, त्यात रोगनिदानाबरोबर ही बोलण्याची चालही हस्तांतरित होते, ती ऐकू येण्यासाठी बाहेरचा कान उपयोगी पडतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रश्न : आमच्या विद्यापीठात शिक्षकांची गुणवत्ता विद्यार्थ्यांच्या फीडबॅक फॉर्मवरील सरासरी गुणांवरून ठरते. मला या कामाच्या समितीवर घेतले आहे. सुधारणा कोठून सुरू करावी?

उत्तर : फॉर्ममधील वाक्यांपासून. ‘शिक्षकांनी विषय स्पष्ट व रंजक रीतीने मांडला’ हे वाक्य तुमच्याही फॉर्ममध्ये असण्याची दाट शक्यता आहे. स्पष्ट पण कंटाळवाणे शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याने पाचपैकी किती गुण द्यावेत? एका वाक्यात दोन प्रश्न कोंबले की उत्तर कशाचे आले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग त्या उत्तरांची दोन दशांश स्थळांपर्यंत सरासरी काढली जाते. अशा सरासरीतील एका दशांशाच्या फरकावरून एका सहकाऱ्याचा करार लांबणीवर पडलेला मी पाहिला आहे. संस्थेचे नाव सांगत नाही.

या विषयात एक प्रयोग प्रसिद्ध आहे, आणि योगायोगाने तो वैद्यकीय शिक्षणातीलच आहे. 1970 मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ या नावाने व्यासपीठावर उभे केले. वैद्यकीय शिक्षणात गणिती ‘गेम थिअरी’चा उपयोग, असा भारदस्त विषय त्याला दिला होता. त्याचे भाषण मुद्दाम परस्परविरोधी विधाने, संदर्भहीन वाक्ये आणि बनावट शब्दांनी भरलेले होते. शैली मात्र प्रसन्न, विनोदी आणि आत्मविश्वासाची. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षणक्षेत्रातील इतर मंडळी अशा एकूण 55 जणांनी ते भाषण प्रत्यक्ष किंवा चित्रफितीवर ऐकले, आणि बहुतेकांचा अभिप्राय अनुकूल आला. एकाने तर आपण या डॉ. फॉक्स यांचे लेखन वाचले असल्याचेही कळवले! 1973 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हा त्याचा दोष खरा आहे, म्हणून मी एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवत नाही. विद्यार्थ्यांनी दिलेले गुण आणि त्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांत बऱ्यापैकी संबंध असल्याचे 1981 मधील, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका गाजलेल्या संकलित विश्लेषणात म्हटले होते. 2017 मध्ये बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी तेच अभ्यास नव्या अभ्यासांसह पुन्हा तपासले, तेव्हा लहान नमुन्यांमुळे आलेला फुगवटा वजा केल्यावर तो संबंध जवळजवळ उरला नाही.

म्हणून फॉर्म फेकून द्यावा असे मी म्हणत नाही. तास वेळेवर सुरू झाला का, मागच्या बाकांपर्यंत ऐकू येते का, उत्तरपत्रिका शेऱ्यांसह परत मिळाल्या का, हे विद्यार्थ्यांइतके कोणीच सांगू शकत नाही. तेवढेच त्यांना विचारावे. शिकवणे चांगले आहे की नाही याचा निवाडा त्यांच्यावर टाकू नये. त्यासाठी एखाद्या सहकाऱ्याने वर्गात बसावे, आणि शिक्षकाची तयारी असेल तर ध्वनिमुद्रण करून दहा मिनिटांचा तुकडा दोघांनी मिळून ऐकावा. मी प्रथम प्रश्नांनंतरचे विराम मोजते. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवले की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात. तीन सेकंद म्हणजे किती, हे वर्गासमोर उभे राहून अनुभवावे. घशाला कोरड पडते. बेकमन आणि फ्रँकेल यांच्या डॉक्टरांची आठवण मला येथे हटकून होते, आणि आपण तिसऱ्या क्षेत्रात आलो आहोत असे वाटेनासे होते.

प्रश्न : अशा मिश्र वाटेने गेल्यास पदोन्नतीच्या वेळी कोणता विभाग आपले मानतो?

उत्तर : खरे सांगायचे तर पुष्कळदा कोणताही नाही. भाषाविज्ञानाचे लोक म्हणतात, हे उपयोजित. डॉक्टर म्हणतात, नमुना लहान. गुणवत्ता विभाग विचारतो, यातून तक्ता कसा करायचा? म्हणून पीएच.डी. एकाच विषयात, आणि शक्यतो भाषाविज्ञानातच, पक्की करावी. वैद्यकीय शिक्षणातील पदविका किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रम नोकरीत असताना करता येतो. लेखन दोन्हीकडे करावे, पण एकच लेख दोन वेशांत पाठवू नये. अर्नेस्ट बॉयर यांनी 1990 मध्ये शोध, समन्वय, उपयोजन आणि अध्यापन या चारही गोष्टींना विद्वत्ता मानावे असे सुचवले होते. मूल्यमापनाच्या अर्जात हा आधार घेता येतो. तो मान्य होईलच असे नाही. श्रीकांत सारंगी यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी आरोग्यसंवादाला स्वतंत्र संशोधनक्षेत्र म्हणून उभे केले आहे, तर टिम मॅकनमारा यांनी परदेशांत शिकलेल्या आरोग्यसेवकांसाठीच्या ऑस्ट्रेलियातील इंग्रजी परीक्षेवर काम करता करता भाषा-चाचणीच्या शास्त्रातच मोलाची भर घातली. दोघांनीही मूळ विषय सोडलेला नाही, हे ध्यानात घ्यावे.

प्रश्न : या कामासाठी वैद्यकशास्त्र शिकावे लागते का?

उत्तर : थोडे. डॉक्टरांनी मध्येच विचारलेला प्रश्न निदानासाठी अत्यावश्यक होता की केवळ सवयीचा, एवढे ओळखण्यापुरते तरी यायला हवे, नाहीतर आपण प्रत्येक अडथळ्याला असभ्यपणा ठरवून मोकळे होतो. पहिल्या वर्षी मी परवानगी काढून शरीररचनेच्या तासांना मागच्या बाकावर बसत असे आणि सकाळच्या राउंडला सर्वांत मागे उभी राहत असे. त्या तासांतले फारसे काही आता लक्षात नाही. प्लीहा कोणत्या बाजूला असते हे अजूनही क्षणभर थांबून आठवावे लागते. परंतु निवासी डॉक्टर एका दमात केस सांगतात तेव्हा ‘रुग्ण सांगतो की’ या शब्दांऐवजी ‘रुग्ण नाकारतो की’ (म्हणजे अमुक त्रास नाही असे रुग्ण सांगतो) कोठे आले, हे मला लगेच ऐकू येते.