गेम खेळून खरंच शिकता येतं का?

प्रश्न : मुलगा सातवीत आहे, सुट्टीत दिवसभर माइनक्राफ्ट, तो ठोकळे रचून हवं ते बांधायचा गेम. पालकसभेत सरांनी सांगितलं की गेममधूनही मुलं शिकतात, झालं, तेव्हापासून रागावलं की 'आई, मी शिकतोय' हे ठरलेलं उत्तर. खरंच शिकतो का?
– एक आई, कर्वेनगर

ताई, शिकतो, पण नुसता गेम हातात देऊन नाही, त्याला धड काम द्यावं लागतं. माइनक्राफ्टची वर्गात वापरायची वेगळी आवृत्ती 2016 पासून आहे, पण तुमच्या घरी जो गेम आहे त्यातही पुष्कळ होतं.

त्याला शनिवारवाडा बांधायला सांगा. गेममधला एक ठोकळा म्हणजे एक मीटर धरतात, म्हणजे आधी रविवारी टेप घेऊन वाड्यावर जायचं, दिल्ली दरवाजाची रुंदी मोजायची, भिंतीची लांबी पावलांनी काढायची आणि मग घरी येऊन त्याचे किती ठोकळे होतात ते बघायचं. इथे प्रमाण, सरासरी, नकाशा सगळं येतं आणि त्याला ते हवं असतं म्हणून येतं. दरवाजावरचे मोठे खिळे हत्तीची धडक अडवायला होते हे तिथे उभं राहून कळतं, पुस्तकात वाचून तेवढं नाही कळत.

आता खरी मजा. वाडा 1732 मध्ये बांधून झाला आणि 1828 च्या आगीत आतला महाल जळाला, तट, बुरूज आणि दगडी जोती राहिली. माइनक्राफ्टमध्येही लाकडी फळ्या पेटतात, आग पसरत जाते, दगड पेटत नाही! म्हणून त्याला सांगा, वरचे मजले लाकडाचे कर, खालचं दगडाचं, मग त्या जगाची एक कॉपी काढून त्यात आग लाव आणि काय उरतं ते आपण रविवारी बघितलं त्याच्याशी ताडून बघ. आज तिथे रिकामी जोती का आहेत हे त्या पोराला मग वेगळं शिकवावं लागणार नाही. फक्त तुम्ही शेजारी बसून विचारत राहा, हे इथेच का ठेवलंस, हे तुला कुठून कळलं. सांगता आलं तर शिकला. नाही आलं तर खेळला, आणि तेही चालतं, प्रत्येक खेळाचा अभ्यास करायचा नसतो हो.

एक मात्र बघा. बेरीज सोडवा, नाणं मिळवा, मग माकड पळवा, अशी ॲप्स 'शैक्षणिक' म्हणून खूप मिळतात. त्यात गणित वेगळं आणि खेळ वेगळा, मुलं गणित कसंबसं उरकतात आणि माकडाकडे धावतात. याउलट 2012 चा ड्रॅगनबॉक्स हा बीजगणिताचा गेम बघा, एका बाजूला चित्राचा पत्ता (कार्ड) टाकला की दुसऱ्या बाजूलाही तोच टाकावा लागतो, आणि हळूहळू चित्रांच्या जागी क्ष यायला लागतो. तिथे खेळणं हेच समीकरण सोडवणं आहे. गेम घेताना एवढंच तपासा.

प्रश्न : आमच्या शाळेत एकच लॅपटॉप आणि प्रोजेक्टर आहे, नेट कधी असतं कधी नसतं. असं काही करता येईल का?
– एक शिक्षिका, मुळशी तालुका

नक्की करता येईल बाई. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, फुकट आहेत, डाउनलोड करून नेटशिवाय चालतात, काही मराठीतही आहेत. विजेचं सर्किट जोडायचं घ्या. एक बल्ब लागलाय, आता त्याच तारेत पुढे दुसरा जोडला तर उजेड वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? लॅपटॉपला हात लावायच्या आधी प्रत्येक गटाने अंदाज वहीत लिहायचा, का तेही लिहायचं, एकमेकांशी भांडू द्या खुशाल, आणि मगच एका मुलाला पुढे बोलवून बल्ब जोडायला सांगा. अंदाज न लिहिता दाखवलंत तर मुलं नुसतं बघत बसतील. आणि पुढच्या तासाला खरा सेल, खरी तार आणि खरे बल्ब आणा, तेच सर्किट हाताने जोडू दे त्यांना.