आवाज खुलावा, पण टोचू नये

प्रश्न : घरीच भजनं रेकॉर्ड करते. माइक तोंडापासून चार बोटांवर असतो. आवाज कोंडल्यासारखा येत होता, म्हणून इक्वलायझरमध्ये (आवाजाचे खालचे-वरचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारं साधन) 8 किलोहर्ट्झला 6 डेसिबल वाढवले. आता ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. काय करू? (रामबाग, इंदूर)

उत्तर : तुमच्या आवाजात ट्रेबल कमी नव्हता, खालचा भाग फुगला होता. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज पकडणारा माइक तोंडाच्या इतका जवळ आला की बेस आपोआप वाढतो आणि त्याखाली शब्द दबतात. तेव्हा आधी माइक वीतभर लांब न्या आणि किंचित तिरका धरा, म्हणजे श्वासाचा झोत थेट त्यावर जाणार नाही. निम्मं काम इथेच होतं.

मग इक्वलायझरचं प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधलं जोड-साधन) उघडा आणि 8 किलोहर्ट्झचा तो डोंगर आधी काढून टाका. ‘स’ची धार साधारण 5 ते 8 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते, तुम्ही नेमकी तीच उचललीत. त्याऐवजी 250 हर्ट्झला लो शेल्फ (त्याखालचा सगळा भाग एकत्र कमी-जास्त करणारी सोय) लावून 2 डेसिबल कमी करा. एवढ्यानं आवाज मोकळा वाटला तर तिथेच थांबा. अजून थोडी झळाळी हवीच असेल तर 10 किलोहर्ट्झला हाय शेल्फ (तसंच, पण त्यावरच्या भागासाठी), 1 ते दीड डेसिबल, त्याहून जास्त नाही.

घरघर काढायला 80 हर्ट्झला हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर), 12 डेसिबल प्रति ऑक्टेव्ह (सप्तक) उताराचा. काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी) गात असाल तर तुमचा मध्य षड्ज सुमारे 208 हर्ट्झवर आणि मंद्र पंचम 156च्या आसपास येतो, म्हणून या फिल्टरनं गाण्याला धक्का लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बेस कमी केला की आवाजाची एकूण पातळीही उतरते, आणि कानाला मोठा आवाज नेहमीच जास्त चांगला वाटतो. प्लगइन चालू-बंद करून ऐकताना दोन्ही वेळा पातळी सारखी येईपर्यंत आउटपुट नॉब फिरवा, बहुधा अर्धा-एक डेसिबल पुरतो. हे केलं नाही तर चांगला बदलही वाईट ठरतो, आणि नुसता वाढवलेला ट्रेबल सुंदर वाटू लागतो. ऐकण्याचा व्हॉल्यूमही मध्यम आणि एकच ठेवा. फार हळू ऐकलं की कानाला बेस कमी ऐकू येतो आणि हात आपोआप तो वाढवायला जातो.

प्रश्न : मिक्स स्वच्छ व्हावं म्हणून सगळ्या ट्रॅकना 120 हर्ट्झचा हाय-पास लावला. गायक काळी एकचा. आता तानपुरा पातळ वाटतो आणि डग्ग्यात जीव राहिला नाही. (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : सरसकट फिल्टर हेच कारण. काळी एकच्या मर्दानी तानपुऱ्यात खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झला बोलते. 120च्या फिल्टरनं (उतार वरचाच 12 डेसिबलचा धरला तर) तिचा मूळ स्वर जवळजवळ 10 डेसिबल खाली जातो. जवारीचा झणत्कार वर तसाच राहतो, म्हणून तानपुरा आहे असं वाटतं, पण त्याला पाया उरत नाही. तोच फिल्टर 40 हर्ट्झला आणा, खर्जाचा तोटा अर्ध्या डेसिबलवर येईल. डग्ग्यालाही 40च ठेवा, त्याची घुमक खालीच असते.

दायाँवर (तबल्याचा उजवा भाग) हलक्या हातानं काम करा. बहुतेक चर्मवाद्यांपेक्षा तबला वेगळा. शाईमुळे (पुडीवरचा मधला काळा थर) त्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत बसतात. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली हेच दाखवलं होतं. दायाँ काळी एकला, म्हणजे 277 हर्ट्झला लावला असेल तर 554, 831 असे स्वर त्यात असतात. इक्वलायझरच्या अरुंद बँडनं (पट्ट्यानं) यांतला एकच उचललात तर तेवढाच शिटीसारखा वाजत राहतो. म्हणून क्यू (बँडची रुंदी ठरवणारा आकडा, लहान म्हणजे रुंद) 0.7च्या आसपास ठेवा आणि वाढ 2 डेसिबलच्या आत.

अरुंद बँड वापरायची एकच रास्त जागा, विजेची गुणगुण. ती 50 हर्ट्झ आणि तिच्या पटींत येते. पण त्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून ऐका, बरेचदा ती तिथेच थांबते.

प्रश्न : रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरबरोबर मिळणारा रीईक्यू हा इक्वलायझर पुरेसा आहे, की जुन्या अ‍ॅनालॉग यंत्रांची नक्कल करणारं महागडं प्लगइन घ्यावं? (दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : सौम्य कामाला पुरेसा आहे. दोन प्लगइनचा वक्र तंतोतंत जुळवला तर फरक ओळखणं जवळजवळ अशक्य. महागड्यात मिळते ती वरून चढणारी किंचित विकृती, आणि कान लवकर समाधानी करणारे मोजके नॉब. तो मोह खरा आहे, पण सध्या पैसे खोलीतल्या जाड पडद्यांवर घाला.

एक लक्षात ठेवा, रीईक्यूमध्ये क्यूऐवजी रुंदी ऑक्टेव्हमध्ये देतात. वर सांगितलेला 0.7चा क्यू म्हणजे तिथे साधारण 2 ऑक्टेव्ह. पूर्ण गाण्यावर लावताना एका बँडला 1 डेसिबलपेक्षा जास्त हलवू नका. जास्त लागतंय असं वाटलं तर मिक्समध्ये परत जा आणि कुठलं वाद्य पुढे येतंय ते शोधा. लिनिअर फेज प्रकारचा (सगळे पट्टे सारख्याच उशिरानं बाहेर सोडणारा) इक्वलायझर घेतलात तर तबल्याच्या ट्रॅकवर खालच्या भागात तो टाळा. थापेच्या आधीच तिची बारीक चाहूल ऐकू येऊ लागते आणि ‘धा’ बोथट होतो.