नेटवर्क स्विच (अनेक उपकरणं केबलने एका नेटवर्कला जोडणारा डबा) घ्यायला निघालास, पण

मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला जाऊन थेट 'स्वस्तात काय आहे?' असं विचारू नकोस रे. आधी कंपनीच्या साइटवर बघ, त्या मॉडेलचं फर्मवेअर (स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर) शेवटचं कधी आलं आणि सपोर्ट कधी संपतोय. सिस्को कंपनीचं मॉडेल खिशाला जड वाटलं तर मायक्रोटिक कंपनीचं आहे, पण ते सेट करणारा जाणकार हाताशी हवा.

कॅमेरे लावणार असशील तर पीओईचं, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देण्याच्या सोयीचं, एकूण वॅटचं बजेट तपास. पीओईच्या ८०२.३एएफ या मानकात पोर्टमागे (केबल जोडायच्या एका खाचेमागे) १५.४ वॅट, ८०२.३एटी या मानकात ३०. चोवीस पोर्ट आहेत म्हणजे चोवीसही पोर्टना पूर्ण वॅट मिळतात असं नाही. मी इथेच फसलो, निम्मे कॅमेरे रात्री बंद!

आणि जीएसटीच्या बिलावर सिरियल नंबर लिहून घे. वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात.