राइस ब्रॅन तेल सुरू केलं तर कोलेस्टेरॉलची गोळी बंद करता येईल का?

राइस ब्रॅन तेलात वनस्पती स्टेरॉल असतात, मग वडिलांना तेच देऊन गोळी थांबवावी का, असं तुम्ही विचारलंय. गोळी थांबवू नका. कारण साध्या हिशोबाचं आहे.

तेलात वनस्पती स्टेरॉल असतात, ही जाहिरात खोटी नाही. बीटा-सिटोस्टेरॉल, कॅम्पेस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल हे वनस्पती स्टेरॉल म्हणजे घडणीने कोलेस्टेरॉलची सख्खी भावंडं. कोलेस्टेरॉल शोषलं जाण्याआधी ते आतड्यात पित्तक्षारांच्या सूक्ष्म कणांत विरघळावं लागतं, आणि तिथे जागा मोजकी असते. ती स्टेरॉलनी अडवली की काही कोलेस्टेरॉल शौचावाटे निघून जातं. यात खाण्यातलंच नव्हे, यकृताने पित्तातून सोडलेलंही आलं. त्यामुळे शुद्ध शाकाहारी माणसालाही याचा फायदा होतो.

पण किती खायचं? एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ८ ते १० टक्के उतरायला रोज साधारण २ ग्रॅम स्टेरॉल लागतात. राइस ब्रॅन तेलात १०० ग्रॅममागे ढोबळमानाने १ ग्रॅम असतात. माणशी दिवसाला २५ ग्रॅम तेल धरलं तर हाती येतात पाव ग्रॅम. २ ग्रॅम गाठायचे तर २०० ग्रॅम तेल प्यावं लागेल, म्हणजे १८०० कॅलरी! शेंगदाणा तेलात तर याचा पाचवा हिस्सा, खोबरेलात त्याहूनही कमी. फिनलंडमध्ये १९९५ साली 'बेनेकोल' मार्गारिन आलं ते यामुळेच: त्यात स्टॅनॉल, म्हणजे स्टेरॉलचंच संपृक्त रूप, मुद्दाम भरपूर मिसळलेलं होतं.

(बाटलीवरच्या 'कोलेस्टेरॉल-फ्री'चं मला हसू येतं. कुठल्याही वनस्पती तेलात ते नगण्यच असतं.)

धान्यातले स्टेरॉल कोंड्यात आणि अंकुरात जास्त, म्हणून मैद्यात कमी उरतात. कणीक फार बारीक चाळू नका, जेवणात तीळ असू द्या. तरी सगळं मिळून रोजच्या आहारातून साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅमच मिळतात.

वडिलांची गोळी बहुधा स्टॅटिन असेल. ती यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणंच रोखते आणि मात्रेनुसार एलडीएल ३० ते ५० टक्के खाली आणते. तेल हवं तर बदला, पण गोळीचा डोस डॉक्टरांनी पुढचा लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) पाहूनच ठरवू दे.