‘मृत्युंजय’वर टीका झाली की वाचक का दुखावतात?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या मासिक कट्ट्यावर एका सदस्याने शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ या कर्णावरच्या कादंबरीवर टीका केली. कादंबरीने कर्णाचे दोष झाकले आणि भाषा अलंकारांनी जड झाली, असं त्यांचं म्हणणं. त्यावर ‘आधी अशी एक कादंबरी लिहून दाखवा’पर्यंत मजल गेली आणि दोन जुने सदस्य उठून गेले. हा विषय पुन्हा घ्यावा का? घेतला तर कसा?
— ग्रंथपाल, जि. सातारा

उत्तर : जरूर घ्या, पण या वेळी पुस्तकं उघडून बसा. नुसत्या आठवणीवर वाद घातला की तो माणसांवर घसरतो. ‘मृत्युंजय’ अनेकांनी शाळा-कॉलेजच्या वयात वाचलेली असते आणि तिथे कर्ण स्वतःच्या तोंडून बोलतो, त्यामुळे त्याच्यावर बोट ठेवलं की वाचकाला ते आपल्यावरच ठेवल्यासारखं वाटतं. टीकाकाराने हे ओळखायला हवं. ‘कच्च्या वयात आवडणारं पुस्तक’ असं एकदा म्हटलं की पुढचा रास्त मुद्दाही कुणी ऐकत नाही, कारण तो शेरा पुस्तकावर नसतो, समोरच्याच्या समजेवर असतो.

तुमच्याकडे दोन आक्षेप एकात मिसळले. दोष झाकल्याचा आक्षेप मूळ ग्रंथाशी ताडून बघता येतो. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता, १९६६ साली पूर्ण झाली. तिच्या सभापर्वात पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. स्वयंवरात ‘मी सूताला वरणार नाही’ असं द्रौपदी म्हणते, ते वाक्य संपादकांनी मुख्य संहितेत ठेवलेलं नाही. म्हणजे कर्णाच्या रागाचं एक मोठं कारणच तिथे उरत नाही. कर्णप्रेमींना हे दोन्ही जड जातं. पण उद्योगपर्वात हाच कर्ण कृष्णाजवळ कबूल करतो, की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना कटू बोललो आणि त्याचा मला आज ताप होतो. हा पश्चात्ताप मूळ संहितेतलाच आहे. टीकाकारांनी तो वगळून चालणार नाही.

कादंबरी मूळ ग्रंथाला बांधलेली नसते, म्हणून खरा प्रश्न असा : बदललेला प्रसंग कादंबरीत उभा राहतो का? त्यासाठी कादंबरीतला द्यूतसभेचा भाग, सभापर्वाचं मराठी भाषांतर आणि इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’मधला कर्णावरचा लेख, अशी पंधरा-वीस पानं आठवडाभर आधी वाटा. ‘मृत्युंजय’प्रमाणे ‘युगान्त’ही १९६७ चंच, आणि त्यातली कर्णाकडे बघण्याची नजर फार कठोर आहे. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवणं आम्हाला फार मोलाचं वाटतं.

भाषेचा आक्षेप वेगळ्या रीतीने तपासा. एक पान मोठ्याने वाचा, उपमांखाली पेन्सिलीने रेघ मारा, मग त्या गाळून तेच पान पुन्हा वाचा. काही उपमा गेल्याचं कळतही नाही, तर काही गेल्या की कर्णाचा आवाजच जातो. कुठल्या कुठल्या, यावर बोला.

प्रत्येकाला पाच मिनिटं द्या आणि पुस्तकातला उतारा दाखवायची अट घाला. ‘किती आवृत्त्या निघाल्या बघा’ किंवा ‘सावंत तेव्हा किती तरुण होते’ हे कौतुक खरं आहे, पण आक्षेपाला ते उत्तर होत नाही. ‘लिहून दाखवा’ मात्र तिथल्या तिथे थांबवा. उठून गेलेल्या सदस्यांना स्वतः भेटून बोलवा, आणि पहिलं वाचन त्यांनाच करू द्या.

प्रश्न : आवडत्या लेखकावरच्या टीकालेखाला पत्राने उत्तर द्यायचं आहे. काय पथ्य पाळू?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : लिहून दोन दिवस ठेवा. पत्र अडीचशे शब्दांत बसवा. टीकाकाराचं एकच विधान शब्दशः द्या आणि त्याला छेद देणारा एक उतारा. पृष्ठक्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून प्रकरणाचं नावही लिहा. टीकाकाराचा मत्सर, वय, जात यांबद्दलचं वाक्य मसुद्यात आलं असेल तर काढा. संपादक बहुधा त्याच वाक्यामुळे पत्र बाजूला ठेवतात.