पाण्याची कांजी चिन्हे नकाशावर शीक

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही पाहिली. पाण्याची सगळी कांजी, म्हणजे जपानी लिहिताना वापरली जाणारी चिनी मुळाची चिन्हे, एकाखाली एक मांडून तू प्रत्येकापुढे मराठी अर्थ लिहिला आहेस, पण एकाही ठिकाणाचे नाव त्यांत नाही. ती यादी मिटून ठेव आणि जपानचा नकाशा उघड, असा माझा आग्रह आहे.

त्याआधी हात बसायला हवा. 'सानझुई' म्हणजे चिन्हाच्या डाव्या अंगाचे पाण्याचे तीन फटकारे. वरचे दोन खाली उतरतात, तिसरा मात्र खालून वर, उजवीकडे उचलायचा असतो आणि तू तो उलटा ओढतेस. उजवा भाग पुष्कळदा उच्चार सांगतो. महासागराच्या चिन्हात उजवीकडे असलेले मेंढीचे चिन्ह अर्थासाठी नसून 'यो' या ध्वनीसाठी आहे, म्हणून प्रशांत महासागर 'ताइहेइयो' होतो. नदीचे नेहमीचे 'कावा' हे चिन्ह तर सानझुईवाचून, तीन उभ्या रेघांतच वाहते.

सरोवराला 'मिझुउमी' म्हणतात. 'मिझु' म्हणजे पाणी, 'उमी' म्हणजे समुद्र. सुमारे ६७० चौरस किलोमीटरच्या बिवा सरोवराकाठी उभे राहिलेल्यांना समुद्रच आठवला असणार. त्या प्रांताचे जुने नाव 'ओमी' हे 'आवाउमी', म्हणजे गोड्या पाण्याचा समुद्र, यावरून आले. ते लिहिताना 'जवळ' या अर्थाचे चिन्ह वापरतात, कारण हे सरोवर तेव्हाच्या राजधानीजवळ होते. दूरच्या हामाना सरोवराच्या 'तोतोमी' प्रांताच्या नावात 'दूर' हे चिन्ह येते. या दोन्ही नावांत सरोवराचे चिन्ह कुठेच नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

नद्यांची नावे ऐकूनच पाठ कर, कारण नदीचा 'कावा' सुमिदा नदीच्या नावात 'गावा' होतो, तर आरा नदीच्या नावात 'कावा'च राहतो. 'फुची'साठी मात्र शब्दकोश नको. आपला नदीतला डोह तोच.

पुढच्या तासाला येताना जपानमधल्या निक्को या गावाचा नकाशा हाताने काढून आण. चुझेंजी-को या सरोवराचे ('को' म्हणजे सरोवर) पाणी ९७ मीटरवरून कोसळते, तो केगोन-नो-ताकी; 'ताकी' म्हणजे धबधबा. पुढे त्याचीच दाइया-गावा ही नदी होते. 'ताकी'च्या चिन्हात पाण्याशेजारी ड्रॅगन आहे, तो नीट काढ. तिन्ही नावे कांजीत लिही, आणि सानझुईचा तिसरा फटकारा खालून वर ने.

तुझे शिक्षक